एकाच घरातल्या पाच जणांत कॉलरा एकालाच का?

वाचक भगिनीच्या पत्रातून: ‘माझ्या ६८ वर्षांच्या सासूबाईंना गेल्या आठवड्यात कॉलरा झाला. पहाटे पातळ जुलाब सुरू झाले, मागोमाग उलट्या. “पोटात काही ठरत नाहीये तर पाणी देऊ नकोस, आतड्यांना विश्रांती दे,” असं त्यांच्या बहिणीने फोनवर सांगितलं आणि मी दुपारपर्यंत घोटभरही पाणी दिलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता, डोळे खोल गेले होते, लघवी बंद होती. बरीच सलाईन लावावी लागली. आता त्या घरी आल्या आहेत, बऱ्या आहेत. त्यांना पित्ताचा त्रास असल्याने रोज अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असते, बाकी तब्येत चांगली होती. आम्ही घरातले पाचही जण एकच पाणी पितो, मग त्यांनाच का? शेजारी दारात यायचे बंद झालेत. जाऊबाईंनी मुलांना आजीजवळ जायची बंदी केली आहे. यजमान म्हणतात, सगळ्यांनीच अँटिबायोटिक घेऊन टाकू, लसही मिळते का बघू. आणि मी पाणी दिलं नाही म्हणून त्यांची अशी अवस्था झाली का, ते खरं खरं सांगा.’

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या ओझ्याखाली दबलेत, असं पत्र वाचताना वाटलं. खरं सांगा म्हणालात, म्हणून सांगते. पाणी दिलं नाही त्यामुळे सासूबाईंची अवस्था लवकर आणि जास्त बिघडली. कॉलरा मात्र त्यामुळे झाला नाही. आणि साधं पाणी घोट-घोट देत राहिला असतात, तरी या वयात आणि इतक्या जोराच्या जुलाबांत सलाईनची वेळ कदाचित आलीच असती. दुपारी तुम्ही त्यांना उचलून दवाखान्यात नेलंत, हे त्या दिवशीचं सगळ्यात मोठं काम होतं. ते संध्याकाळवर टाकलं असतंत, तर बहुधा सासूबाई आज घरी परत आल्या नसत्या.

‘आतड्यांना विश्रांती’ हा सल्ला तुमच्या मावससासूबाईंनी मनाने काढलेला नाही. त्याच्याहून वाईट सल्ले एके काळी डॉक्टर मंडळी देत होती. १८३०च्या सुमारास युरोपात कॉलऱ्याची पहिली मोठी साथ आली, तेव्हा तिथले नामवंत डॉक्टर रुग्णाचं रक्त काढत आणि वर जुलाबाचं औषध देत! आधीच सुकलेला माणूस त्याने अधिकच लवकर दगावे. विल्यम ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने त्या साथीत रुग्णांचं रक्त तपासलं आणि सांगितलं की यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत भरा. ते वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावात थॉमस लॅटा यांनी मिठाचं पाणी थेट शिरेत सोडलं आणि मरणाच्या दारातले काही रुग्ण उठून बसले. पुढे हे सगळं जवळजवळ विसरलं गेलं. उपाय सापडलेला असताना वैद्यकाने तो कित्येक दशकं बाजूला ठेवला. तिथे मावससासूबाईंना काय बोल लावणार?

पण पुढच्या वेळी कोणी असा सल्ला दिला तर तो मोडून काढता यावा, म्हणून पोटात नेमकं काय होतं ते समजून घ्या.

कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, रक्तात शिरत नाही. तो आतडं कुरतडत नाही, जखमा करत नाही. म्हणूनच या आजारात सहसा ताप नसतो, शौचातून रक्त जात नाही, पोटही फारसं दुखत नाही. लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून तो फक्त एक विष सोडतो. या विषाचा एक भाग पेशीला धरून ठेवतो आणि दुसरा आत शिरून पेशीतला एक संदेश चालू करतो, तो बंदच होऊ देत नाही. मग पेशी आपल्यातलं क्लोराइड आतड्याच्या पोकळीत टाकत सुटते. क्लोराइडमागून सोडियम जातं आणि क्षारांमागून पाणी. तोटी मोडून उघडाच राहिलेल्या नळासारखी ही गत असते. तुम्ही वरून काही घाला किंवा घालू नका, तो वाहतच राहणार. सासूबाईंच्या तोंडात दुपारपर्यंत थेंबही गेला नव्हता, तरी जुलाब थांबले नाहीत, हे तुम्ही स्वतः पाहिलंत. जात होतं ते प्यायलेलं पाणी नव्हतं, ते त्यांच्या रक्तातलं पाणी होतं. त्या आतड्याला विश्रांती मिळणं शक्यच नव्हतं. सारा खेळ एका विषाचा आहे, हे कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून दाखवलं. तोवर रॉबर्ट कॉख यांनी त्याच शहरात हा जंतू वेगळा करून पाऊण शतक होत आलं होतं.

या वाहण्याचा वेग लोकांच्या लक्षात येत नाही. जोराच्या कॉलऱ्यात मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. शौचाला रंग राहत नाही, घाण वास राहत नाही, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ पांढरट पाणी पडतं. पन्नास किलोच्या माणसाचं पाच लिटर पाणी गेलं, म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा गेला, की जीव धोक्यात येतो. वरच्या वेगाने हिशेब केलात तर कळेल, सकाळी चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत का जाऊ शकतो. तुम्ही लिहिलेली लक्षणं याच कोरडेपणाची आहेत: बसलेला आवाज, खोल गेलेले डोळे, बंद झालेली लघवी. बोटांची कातडी सुरकुतते. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर पूर्वपदावर यायला वेळ लागतो. क्षार गेल्याने पायांत गोळे येतात. रक्तात आम्ल वाढतं, त्यामुळे धाप लागल्यासारखा श्वास चालतो. नाडी हाताला लागेनाशी होते, आणि मूत्रपिंडांना रक्त पुरेनासं झालं की ती काम टाकतात. फसवणारी गोष्ट अशी की बराच वेळ माणूस शुद्धीवर असतो, विचारलं तर उत्तरही देतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं की अजून वेळ आहे.

उपचार मिळाले नाहीत तर असे तीव्र कॉलरा झालेले निम्म्यापर्यंत रुग्ण दगावतात. वेळेवर मिळाले तर शंभरात एकही सहसा दगावत नाही. इतक्या मोठ्या फरकामागे कुठलंही महागडं औषध नाही. गेलेलं पाणी आणि क्षार परत भरले जातात, बस.

मग तुम्ही विचाराल, तोंडाने दिलेलं पाणी तर वाहूनच जाणार, देऊन काय उपयोग? नुसत्या पाण्याच्या बाबतीत ही शंका बरीचशी रास्त आहे. पण विषाने आतड्याची सगळी कामं बिघडलेली नसतात. सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत ओढून घेणारी यंत्रणा कॉलऱ्यातही शाबूत असते. एकटं मीठ नीट शोषलं जात नाही, पण योग्य प्रमाणात साखर सोबत असली की दोन्ही आत जातात आणि त्यांच्यामागे पाणीही जातं. जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, याच तत्त्वावर चालते. ती जुलाब थांबवत नाही. बाहेर जाणाऱ्यापेक्षा आत जाणाऱ्याचं पारडं जड ठेवते. जुलाब थांबत नाहीत असं पाहून ‘याने काही होत नाही’ म्हणत लोक ती अर्ध्यावर सोडतात, आणि मला वाटतं पाणी तोडण्याच्या खालोखाल हीच गोष्ट सर्वांत जास्त नडते.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना असं द्रावण पाजून ते काम करतं हे दाखवलं होतं. पण हे इस्पितळाबाहेर, गर्दीत, चिखलात जमेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा भडकला. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांचं द्रावण करून पिंपांत भरलं आणि पेले रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात दिले. पाजायला प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या. जो कोणी सोबत होता, आई, भाऊ, नवरा, तो पाजत होता. सुमारे ३० टक्के रुग्ण जिथे दगावत होते, तिथे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. ताई, हा किस्सा मुद्दाम तुमच्यासाठी लिहिला. त्या नातेवाइकांनाही आदल्या दिवसापर्यंत हे माहीत नव्हतं. कुणीतरी सांगितलं आणि ते बसले पाजत. तुम्हाला त्या सकाळी कुणी सांगितलं नाही, एवढाच काय तो फरक.

आता पाजायचं कसं ते. पुडी घेतलीत तर ती पूर्ण आणि एकाच वेळी, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवा. मोठी पुडी बहुधा एक लिटरची असते. अंदाजाने चिमूट-चिमूट पेल्यात टाकण्याने प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. इथे ‘थोडं जास्त मीठ बरं’ हा विचार नको, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत ते घातक ठरतं. चव आसवांपेक्षा खारट लागली तर फेकून द्या आणि नवीन करा. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं.

उलटी होतेय म्हणून थांबू नका. उलटी झाली की दहा मिनिटं जाऊ द्या आणि पुन्हा चमच्या-चमच्याने, मिनिटभराच्या अंतराने सुरू करा. उलटीत सगळंच पडत नाही, काही ना काही आत राहतं. मोठ्या माणसाला दर जुलाबानंतर पेलाभर आणि एरवी मागेल तेवढं, दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडायचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टर दहा ते चौदा दिवस झिंक देतात, ते मध्येच सोडू नका. जुलाब ‘बांधणाऱ्या’ गोळ्या घरच्या घरी देऊ नका, त्याने वाहिलेलं पाणी आतड्यातच साचतं आणि आपल्याला उगाच हायसं वाटतं. आणि हे सगळं ‘आधी घरी बघू’ यासाठी नाही. पाण्यासारखे जुलाब लागोपाठ व्हायला लागले की एका हातात पेला असू द्या आणि पाय दवाखान्याकडे वळू द्या. लघवी बंद, ग्लानी, पिववत नाही, यांपैकी एकही दिसलं तर शिरेतून सलाईनच लागतं, पेल्याने भागत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, सासूबाईंनाच का?

आधी यातलं ‘त्यांनाच’ जरा तपासून पाहू. लागण झालेल्या बहुतेकांना कॉलऱ्याचं काहीच लक्षण दिसत नाही, किंवा दोन-चार वेळा पातळ होऊन थांबतं. तुमच्या घरातल्या आणखी एक-दोघांच्या पोटातून तो जंतू येऊन गेला असेल आणि त्यांना पत्ताही लागला नसेल, हे अगदी शक्य आहे. लक्षणं नसली तरी असा माणूस एक ते दहा दिवस शौचातून जंतू बाहेर टाकत असतो. आजारी माणूस निदान दिसतो तरी. हा दिसत नाही, आणि साथ पसरते ती बरीचशी अशा न दिसणाऱ्यांमुळे.

त्यांच्यावरच एवढा घाला का पडला, याचा एक धागा तुमच्या पत्रातच आहे. जठरातलं आम्ल हा आपला पहिला पहारा, आणि व्हिब्रिओला आम्ल सोसत नाही. स्वयंसेवकांवर झालेल्या जुन्या प्रयोगांत असं दिसलं की आम्ल शाबूत असताना नुसत्या पाण्यातून आजार व्हायला अब्जावधी जंतू पोटात जावे लागतात. आधी सोडा पाजून आम्ल मारलं तर दहा लाखांत भागतं. अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी नेमका हाच पहारा सैल करते. पाणी अन्नाबरोबर पोटात गेलं तरी अन्नामुळे जंतूंना काही अंशी असंच संरक्षण मिळतं. त्यात वय. उतारवयात तहान कमी लागते आणि शरीरात पाण्याची शिल्लकही कमी असते, त्यामुळे तरुणाला जे चटकन भरून काढता येतं ते त्यांना येत नाही. त्यांचा रक्तगट पाहून ठेवा. ‘ओ’ गटाच्या लोकांना कॉलरा झालाच तर तो जास्त तीव्र होतो, हे अनेकदा दिसून आलंय. आणि काही भाग निव्वळ योगायोगाचा असतो. एकाच नळाच्या पाण्यात जंतू सारखे पसरलेले नसतात, कुणाच्या पेल्यात जास्त येतात, कुणाच्या कमी.

पण आला कुठून? उत्तर ऐकायला बरं वाटत नाही: बहुतेक वेळा कुणाची तरी विष्ठा कुणाच्या तरी तोंडात जाते, तेव्हा कॉलरा होतो. मधला रस्ता पाण्याचा असतो, अन्नाचा असतो किंवा हातांचा. भेगाळलेली जलवाहिनी सांडपाण्याजवळून जात असेल, तर पाणीपुरवठा बंद असलेल्या वेळात नळातला दाब जातो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. पुन्हा पाणी सुटलं की ती घरोघर पोहोचते. पाणी स्वच्छ दिसत असतं. घरात आलेलं पाणी चांगलं असलं तरी साठवणीच्या भांड्यात हात बुडवून पेला भरला की तिथे बिघडतं. शिजवलेलं अन्न तासन्‌तास तसंच राहिलं तर त्यात जंतू वाढतात. शिवाय हा जंतू माणसाविनाही जगतो. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात, बारीक जलचरांच्या कवचाला चिकटून तो वर्षानुवर्षं राहतो. म्हणून देवी जशी जगातून गेली तसा कॉलरा जाणार नाही. १९६१ मध्ये इंडोनेशियात सुरू झालेली सातवी जागतिक साथ अजून चालूच आहे.

शेजाऱ्यांचं मला नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं. लंडनमध्येही १८५४ साली लोक आणि बरेचसे डॉक्टर हेच मानत होते की कॉलरा घाणेरड्या हवेतून येतो. तिथल्या ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या आसपास दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा जॉन स्नो नावाचे डॉक्टर घरोघर फिरून एकच विचारत राहिले: पाणी कुठलं पिता? त्याच रस्त्यावरच्या दारूच्या कारखान्यातले कामगार बचावले होते, कारण ते रस्त्यावरच्या सार्वजनिक हातपंपाचं पाणी पीत नव्हते. उलट कितीतरी दूर, हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका बाईंना तिथे साथ नसताना कॉलरा झाला आणि त्या गेल्या. त्यांना ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे, म्हणून त्या ते मुद्दाम मागवून घेत. शेजारी असून वाचलेले आणि लांब राहून गेलेल्या, या दोन उदाहरणांनी हवेचा मुद्दा निकालात निघायला हवा होता. निघाला नाही, त्याला आणखी बरीच वर्षं लागली. पंपाचा दांडा मात्र ८ सप्टेंबरला काढून ठेवला गेला.

याचा शेवटचा दुवा तिथले पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनी शोधला. पंपाला लागून असलेल्या घरात एक तान्हं बाळ जुलाबाने आजारी होतं. त्याची दुपटी धुतलेलं पाणी आई तळघरातल्या शोषखड्ड्यात ओतत होती, आणि तो खड्डा झिरपून पंपाखालच्या विहिरीला मिळत होता.

तेव्हा शेजाऱ्यांना सांगा, आमच्या दारात उभं राहून, आमच्याशी बोलून, आमच्या सासूबाईंच्या श्वासातून काही होत नाही. होईल ते तुमच्या-आमच्या सामाईक पाण्यातून होईल, आणि त्याबाबतीत तुम्ही आम्ही एकाच बाजूला आहोत. दार टाळून ते ज्या नळाकडे परत जातात तोच नळ तुमचाही आहे. जास्त समजावत बसू नका. पाण्याचा नमुना तपासायला द्यायला त्यांना सोबत न्या, त्याने जेवढं कळेल तेवढं बोलून कळणार नाही. रुग्णाची माहिती आरोग्य खात्याला दवाखान्याने कळवली आहे ना, तेही विचारून घ्या. निकाल येईपर्यंत दोन्ही घरांनी पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळत ठेवून मगच वापरावं, किंवा त्यात क्लोरीनचं औषध मापाने घालून अर्धा तास थांबावं. साठवणीचं भांडं झाकणाचं, आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटी.

जाऊबाईंची भीती मात्र पूर्ण वेडगळ म्हणता येणार नाही. रुग्णाच्या पोटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या जंतूंची लागण करण्याची ताकद पुढचे काही तास जास्त असते, आणि घरातल्या माणसांना त्याच आठवड्यात लागण होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पण धोका आजीच्या मिठीत नाही. तो तिचे कपडे, चादरी, शौचकूप आणि ते साफ करणाऱ्याच्या हातांवर असतो. डॉक्टर सांगतील तितके दिवस, किंवा निदान शौच पूर्ण घट्ट होऊन आठवडा होईपर्यंत, शौचकूप ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. त्यांचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा आणि ते पाणी विहिरीजवळ, बोअरजवळ किंवा पाण्याच्या टाकीजवळ टाकू नका. जो हे करेल त्याने साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला हात लावायचा नाही, आणि घरात माणसं असतील तर ही दोन कामं वेगळ्या माणसांनी केलेली बरी. सासूबाईंनीही शौचाहून आल्यावर साबण लावावा. एवढं झालं की नातवंडांनी आजीच्या मांडीवर बसायला काही हरकत नाही.

यजमानांचा बेत मला पटत नाही. तीव्र कॉलऱ्यात अँटिबायोटिकने जुलाबाचे दिवस आणि जंतू बाहेर पडण्याचे दिवस कमी होतात, म्हणून डॉक्टर ते रुग्णाला देतात. धडधाकट माणसांनी सरसकट घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. पाणी तेच राहिलं तर गोळीचा असर उतरल्यावर पुन्हा लागण होऊ शकते, आणि मधल्या काळात औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात ते वेगळंच. कुणाला अपवाद करायचा असेल तर तो डॉक्टरांनी तपासून करावा. त्याऐवजी यजमानांना ओआरएसच्या पुड्या आणून ठेवायला सांगा. जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला १२ तास ते ५ दिवस लागतात, तेवढे दिवस घरातल्या प्रत्येकावर लक्ष ठेवा. कुणाला एकदा जरी पाण्यासारखं झालं तरी पेला हातात द्या, दुसऱ्यांदाची वाट पाहू नका.

लस आहे, ती तोंडाने देतात, एक वर्षावरच्यांना. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घेतले तर निदान तीन वर्षं बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जगभर तिचा तुटवडा इतका आहे की २०२२ पासून साथीच्या ठिकाणी एकाच डोसवर भागवावं लागलं. तुमच्या भागात ती द्यायची का, हे आरोग्य खातं ठरवेल. आज घेतली तरी आज उपयोग होत नाही, आणि घेतल्यावरही पाणी उकळणं सुटत नाही.

सासूबाईंचं खाणं मात्र मोकळं करा. भूक लागेल तसं रोजचं घरचं अन्न, ताजं आणि गरम, थोडं थोडं पण जास्त वेळा. उपास आणि पथ्यांचा जाच नको. लघवी दिवसभरात नेहमीइतकी होते का ते पाहा, कमी वाटली किंवा पायांवर सूज दिसली तर लगेच दाखवा, नाहीतर आठवड्याभरात मूत्रपिंडाची आणि रक्तातल्या क्षारांची तपासणी करून घ्या. अ‍ॅसिडिटीची गोळी तुम्ही परस्पर बंद करू नका. पाकीट तेवढं तपासणीला बरोबर न्या आणि ती रोज लागतेच का, हे डॉक्टरांना विचारा.